कागदावर 'स्वयंसेविका', दवाखान्यात रात्रभर हजर: शिरूर कासारच्या आशाताई नेमकं काय काम करतात?

दरवर्षी 5 डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी 1985 साली तो जाहीर केला. त्या दिवशी मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांमध्ये स्वयंसेवकांना गुलाबाचं फूल मिळतं, प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो, स्टेटसला लागतो.

त्याच 5 डिसेंबरला बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात काय चित्र असतं? वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी घरांना कुलूप असतं. माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली असतात. मागे म्हातारी माणसं, काही लेकरं, आणि हातात रजिस्टर घेऊन फिरणारी एक बाई. तिच्या रजिस्टरमध्ये गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं आणि प्रत्येक तान्ह्या बाळाचं नाव असतं. तीही स्वयंसेवकच आहे. सरकारी कागदावर तिचं पदनाम 'आशा स्वयंसेविका' असंच आहे.

गाव तिला आशाताई म्हणतं. पण ती स्वयंसेविका आहे म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत नसतं. तिला पगार नाही हे कळलं की अनेकांना धक्का बसतो. म्हणूनच हा विषय नीट समजून घेऊ.

आधी शिरूर कासार कुठलं ते

पुणे जिल्ह्यातलं शिरूर वेगळं. हे बीड जिल्ह्यातलं, सिंदफणा नदीच्या काठचं तालुक्याचं गाव. एका बाजूला पाटोदा, एका बाजूला गेवराई, पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्याचा पाथर्डी तालुका. पाऊस कमी, जमीन हलकी आणि ऊसतोड मजुरांची मोठी संख्या, ही या पट्ट्याची ओळख.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाव सोडायचं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत यायचं. बाई गरोदर असली तरी कोयता थांबत नाही, कारण उचल फेडायची असते.

आरोग्याच्या दृष्टीने या चक्राचा परिणाम काय होतो, ते 2019 मध्ये साऱ्या देशाने पाहिलं. बीडमधल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहातल्या एकीचं.

त्याआधी 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे फक्त 807 मुली होत्या. तो राज्यातला सगळ्यात कमी आकडा होता.

अशा जिल्ह्यात गावातल्या बाईला 'घाई करू नको, आधी सरकारी दवाखान्यात दाखवू' असं सांगणारं विश्वासाचं माणूस हवं असतं. तिथे आशाताईचं काम सुरू होतं.

आशा म्हणजे कोण?

12 एप्रिल 2005 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं. त्याचा कणा म्हणून आशा ही योजना आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. ती त्याच गावची सून किंवा लेक, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता. वय 25 ते 45 मधलं असावं असा निकष.

आज देशात सुमारे 10 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 70 हजार आशा आहेत.

ही कल्पना दिल्लीत बसून अचानक सुचलेली नाही. तिची मुळं शिरूर कासारच्या अगदी जवळ आहेत. पाटोदा तालुका ओलांडला की जामखेड लागतं. तिथे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केलं. गावात डॉक्टर राहत नाही, मग गावातलीच बाई शिकवून तयार केली तर? त्यांनी निवडलेल्या अनेक बायका निरक्षर होत्या, दलित समाजातल्या होत्या. त्या बाळंतपण, लसीकरण, जुलाब-तापाचे उपचार शिकल्या आणि गावाने त्यांचं ऐकलं. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरं मूळ गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात बालकांचा मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आला. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. पुढे 2011 मध्ये तीच पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली.

म्हणजे शिकवलेली गावातली बाई जीव वाचवू शकते, हे आधी महाराष्ट्राने दाखवलं.

आशाताईचा दिवस कशात जातो?

गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांत नोंद करायची. तपासण्यांना घेऊन जायचं. लोहाच्या गोळ्या नुसत्या द्यायच्या नाहीत, ती खाते की नाही हेही बघायचं. कळा सुरू झाल्या की 102 किंवा 108 ला फोन लावायचा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जायचं.

इथेच तिचं हॉस्पिटलमधलं स्वयंसेवकाचं काम दिसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जमलं नाही तर ग्रामीण रुग्णालय, तिथेही गुंतागुंत वाटली तर बीडचं जिल्हा रुग्णालय. केसपेपर कुठे काढायचा, रक्तगटाचा कागद कुठे दाखवायचा, रक्त लागलं तर कोणाला विचारायचं, हे घाबरलेल्या सासूला आणि गोंधळलेल्या नवऱ्याला ती सांगते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत असते. जून 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तो हक्क आहे. पण हक्क आहे हे माहीत असलेलं कोणीतरी शेजारी उभं असेल तरच तो मिळतो.

बाळ घरी आलं की दुसरी फेरी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघायचं. वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, अंग गार पडलंय का. या सहा भेटींचा मोबदला 250 रुपये. हिशोब केला तर एका भेटीचे 42 रुपयेसुद्धा होत नाहीत.

याशिवाय लसीकरणाला लेकरं गोळा करणं, क्षयरोग्याला सहा महिने औषध चुकू न देणं, कुष्ठरोगाची आणि साथीची पाहणी, रक्तदाब-मधुमेहाचे अर्ज, आयुष्मान कार्ड. कोविडमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्यांमध्येही याच होत्या.

शिरूर कासारसारख्या तालुक्यात यात आणखी एक भर पडते. नोंद केलेली गरोदर बाई सातव्या महिन्यात फडावर निघून जाते. तिची पुढची तपासणी कुठे झाली, बाळाचा डोस राहिला का, हे फोन करून विचारत राहायचं. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घे, असं बजावायचं. ते कार्ड असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातली नर्सही पुढची लस देऊ शकते. बीडमध्ये ऊसतोड टोळीतल्याच एखाद्या बाईला प्रथमोपचार शिकवून औषधांची पेटी देण्याचे प्रयत्नही झाले, कारण आशाताई काही फडावर जाऊ शकत नाही.

मग 'स्वयंसेविका' या शब्दाची अडचण काय?

योजना आखताना विचार असा होता की आशा ही सरकारची नोकर नको, गावाची माणूस हवी. ती पगारी झाली तर वरच्या साहेबाला उत्तर देईल, गावाला नाही. तिचं काम रोज साधारण तीन ते पाच तास, आठवड्यातून चारेक दिवस असेल, बाकी वेळ ती आपली शेती-मजुरी करेल. म्हणून पगार न देता प्रत्येक कामाचा ठरलेला मोबदला द्यायचा.

हा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. जामखेडचा अनुभव तसाच होता. पण वीस वर्षांत कामं वाढत गेली. रजिस्टरं वाढली, मोबाईल ॲप आली, सर्वेक्षणं आली. कळा काही ऑफिसच्या वेळेत येत नाहीत. चार दिवसांचं काम आठवडाभराचं झालं, शब्द मात्र तोच राहिला.

आणि शब्दावर बरंच काही अवलंबून असतं. 'कामगार' म्हटलं की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा येतात. 'स्वयंसेविका' म्हटलं की यातलं काहीच आपोआप लागू होत नाही. म्हणजे दुसऱ्या बाईच्या बाळंतपणासाठी रात्र जागवणाऱ्या आशाला स्वतःच्या बाळंतपणाची पगारी रजा हक्काने मागता येत नाही.

2013 च्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी, शालेय पोषण आहारातल्या अशा योजनांवरच्या महिलांना कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. आशांच्या संघटना तेव्हापासून विचारतात, मग आमचं काय?

कौतुक झालं, पैसे कधी मिळाले?

22 मे 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार दिला. देशभर अभिनंदनाच्या पोस्ट फिरल्या.

दुसऱ्या बाजूचा कालक्रमही बघा. केंद्राकडून नियमित कामांसाठी महिन्याला मिळणारी रक्कम 2018 मध्ये 1,000 वरून 2,000 रुपये झाली. ती 3,500 व्हायला 2025 उजाडलं. महाराष्ट्रात जून 2021 मध्ये, कोविडच्या काळातच, आशांना संप करावा लागला. ऑक्टोबर 2023 मध्ये पुन्हा संप झाला. मानधनवाढीचं आश्वासन मिळालं, पण शासन निर्णय निघाला नाही. म्हणून जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप, त्यानंतर मुंबईत आझाद मैदानावर मुक्काम. शेवटी मार्च 2024 मध्ये राज्याने दरमहा 5,000 रुपयांची वाढ मंजूर केली, ती नोव्हेंबर 2023 पासून लागू धरून.

म्हणजे सुधारणा झाली, हे खरं. पण ती पुरस्काराने नाही, मैदानात बसल्यावर झाली, हेही तितकंच खरं. आणि 'स्वयंसेविका' हा शब्द अजून कागदावर तसाच आहे.

मग कौतुक करायचं नाही का?

करायचंच. पण ते तिच्या उपयोगी पडेल असं करता येतं. गावात राहत असाल, किंवा तुमचे आई-वडील गावी असतील, तर या गोष्टी सहज जमतात:

- आशाताई दारात आली की खोटं सांगून वाटेला लावू नका. गरोदरपण लपवलं की नोंद उशिरा होते आणि धोका बाईलाच असतो.
- रात्री ती पेशंटसोबत दवाखान्यात गेली असेल तर सकाळी तिला घरी सोडायची सोय कोणी केली आहे का, ते विचारा. गाडी पेशंटला नेते, तिला परत आणेलच असं नाही.
- दवाखान्यात तिला पाणी, चहा आणि बसायला जागा द्या. नातेवाईकांना खुर्ची आणि आशाताई भिंतीला टेकून उभी, हे दृश्य बदलणं तुमच्या हातात आहे.
- ऊसतोडीला जाणाऱ्या घराने चालू मोबाईल नंबर आणि कारखान्याचं नाव तिला सांगून जावं. नंबर बदलला तर कळवावं.
- गर्भाशय काढायचा सल्ला कोणी दिला तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी आशाताईला सांगा आणि सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या.
- ग्रामसभेत तिचं काम विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठका होतात का, पैसे कशावर खर्च होतात, हे विचारा. गावाची माणूस म्हणून तिला नेमलं असेल, तर गावाने तिच्या मागे उभं राहायला हवं.

आणि 'तिला मानधन मिळतं की, काय उपकार करते' असं कोणी म्हणालं, तर त्याला सहा भेटींचे 250 रुपये तेवढे सांगा.

स्वयंसेवा म्हणजे आपल्या मर्जीने, आपल्या वेळेतून दिलेली मदत. शहरातल्या हॉस्पिटलमध्ये रविवारी दोन तास देणारा माणूस स्वयंसेवक आहे आणि त्याचं कामही मोलाचं आहे. पण जिला नाही म्हणता येत नाही, जिचं काम वरून ठरतं, जिच्याकडून दर महिन्याला अहवाल मागितला जातो, तिला त्याच शब्दात बसवायचं का, हा प्रश्न शिल्लक राहतो. 5 डिसेंबरला आशाताईचा फोटो स्टेटसला ठेवाल तेव्हा त्याखाली हा प्रश्नही लिहा.