न हलणारे धन

पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागात, फिलिपिन्सच्या पूर्वेस, मायक्रोनेशियाची बेटे विखुरलेली आहेत. या नावाचा अर्थच 'चिमुकली बेटे' असा आहे. त्यांपैकी याप या बेटावर एक विलक्षण धन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते म्हणजे मध्यभागी भोक असलेल्या, जात्याच्या तळीसारख्या गोल शिळा. स्थानिक लोक त्यांना 'राय' म्हणतात. काही शिळा हातात मावतील एवढ्या लहान, तर सर्वांत मोठ्या सुमारे ३.६ मीटर व्यासाच्या आहेत.

या शिळांचा चुनखडक यापच्या भूमीत मिळत नाही. म्हणून तेथील दर्यावर्दी उलांडीच्या होड्यांतून सुमारे ४५० किलोमीटर दूरच्या पलाऊ बेटांवर जात. तेथे ते साध्या हत्यारांनी खडक कोरीत आणि शिळा घेऊन खवळत्या समुद्रातून परतत. काहींचा या प्रवासात अंतही होई. म्हणूनच शिळेचे मोल केवळ आकारावर ठरत नसे. ती कोणी आणली, तिच्यासाठी किती कष्ट सोसले, हेही त्या मोलात धरले जाई.

एवढी जड शिळा देण्याघेण्यात हलवायची कशी? ती हलवतच नसत. विवाह, जमिनीचा व्यवहार किंवा तंट्याचा समेट झाला, की शिळेचा मालक बदले. शिळा मात्र जागची हलत नसे. कागद नाही, साक्षीची मोहोर नाही. गावाची स्मृती हेच खतावणीचे पुस्तक.

१९०३ मध्ये यापला गेलेले अमेरिकी अभ्यासक विल्यम हेन्री फर्नेस यांनी एका कुटुंबाची हकिकत नोंदविली आहे. त्यांच्या पूर्वजाने आणलेली प्रचंड शिळा वादळात समुद्रतळाशी गेली. सोबतच्यांनी तिची ग्वाही दिली. पुढील पिढ्यांपैकी कोणीही ती पाहिली नव्हती, तरी त्या कुटुंबाची श्रीमंती सर्वांना मान्य होती.

१८७० च्या दशकात डेव्हिड ओकीफ हा आयरिश वंशाचा व्यापारी तेथे आला. त्याने लोखंडी हत्यारे व आपली जहाजे पुरविली आणि मोबदल्यात सुके खोबरे घेतले. शिळा मोठ्या झाल्या, संख्येनेही वाढल्या. पण बेटवासीयांनी त्यांचे मोल जुन्या शिळांहून कमीच मानले. जे सहज आले, त्याची पत कमी!

आज यापच्या बाजारात अमेरिकी डॉलर चालतो. तरीही नात्यागोत्याच्या आणि मानाच्या प्रसंगी शिळाच दिली जाते. समुद्रात बुडालेली शिळाही त्या बेटावर बुडीत खाती गेली नाही, कारण दिलेला शब्द सर्वांनी पाळला.