हरण्या रोग आणि शेजारधर्म

दोन शेतांमधील बांध जमिनीची वाटणी करितो. परंतु वारा, पाणी व कीड यांस तो अडवू शकत नाही. रावेर तालुक्यातील केळी बागाइतदारांस २०२० साली याचा कटु अनुभव आला.

त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. केळी हा माल असा की, तयार झालेला घड झाडावर फार दिवस राखता येत नाही व कापल्यावर घरी साठविता येत नाही. मजूर, वाहतूक व परप्रांतीची गिऱ्हाइकी ही तिन्ही एकदम अडखळली. त्यातून बागाइतदार सावरतो न सावरतो तोच पावसाळ्यात रावेर-यावलकडील बागांत हरण्या रोग दिसू लागला. खानदेशास हा रोग १९४० च्या दशकापासून परिचित आहे. शास्त्रज्ञ त्याच्या विषाणूस कुकुंबर मोझॅक म्हणतात. पानांवर पिवळसर पट्टे उमटतात, वाढ खुंटते व पुढे पोंगा सडतो. रोगट झाड बरे करणारे औषध नाही. मावा या किडीमार्फत विषाणु पसरतो. काकडी, भोपळा, मिरची, टमाटे व बांधावरील कित्येक तणे त्यास आसरा देतात. म्हणून रोगट झाड समूळ उपटून नष्ट करणे, बांध स्वच्छ ठेवणे व माव्याचा बंदोबस्त करणे हाच मार्ग उरतो.

हा मार्ग एकट्याने चालण्याजोगा नाही. पहिले झाड ज्याच्या बागेत पिवळे पडले तो लाजेने वा लोभाने गप्प बसला, तर आठवड्या-दोन आठवड्यांत शेजाऱ्याचीही बाग धोक्यात येते. उपटणाऱ्याचे नुकसान आजचे व उघड. शेजाऱ्याचा फायदा मात्र डोळ्यांस न दिसणारा. म्हणूनच असे झाड वेळीच उपटणे यास आम्ही शेजारधर्म म्हणतो.

त्या पावसाळ्यातील आमच्या पाहण्यातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. एका बागाइतदारास आपल्या बागेच्या कोपऱ्यात रोगट झाडे आढळली. तो त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओट्यावर गेला व म्हणाला, "भाऊ, माझ्या बागेत हरण्या शिरला. तुमचीही कड उद्या पाहून घ्या." शेजाऱ्याने दोष दिला नाही. सकाळी तो आपल्या सालदारासह आला. दोघांनी दोन्ही बागा ओळीओळीने पाहिल्या, रोगट झाडे उपटली, बांधावरचे तण काढले. घरच्यापुरते लावलेले काकडीचे वेल फळांनी लगडले होते. तेही शेजाऱ्याने स्वतःच्या हाताने उपटून टाकिले. पुढे नांग्या भरण्यास त्यानेच आपली उरलेली रोपे दिली, व त्यांचा हिशेब मांडिला नाही. नुकसान दोघांचेही झाले. परंतु दोन्ही बागांचा मोठा भाग वाचून निसवला.

पूर्वी ज्याचे काम मागे पडे त्याच्या शेतावर गावची औते इर्जिकीस जात. आता बैल कमी झाले; शेजाऱ्याची गरज मात्र कमी झालेली नाही. आमची वाचकांस विनंती इतकीच की, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बांधालगतच्या ओळी शेजाऱ्यासह पाहाव्यात, बागेत व बागेलगत काकडीवर्गीय पिके घेऊ नयेत, व रोग दिसल्याच्या दिवशीच तो बोलून दाखवावा. भाव व हवामान आपल्या हाती नाहीत. पण संकटाची बातमी घेऊन शेजाऱ्याच्या ओट्यावर जाणे आपल्या हाती आहे, आणि तेथून माणूस सहसा एकटा परतत नाही.