अस्वल परतले, राखण कोणी करावी?

आल्प्स पर्वत म्हटला की आपल्यापुढे बर्फाची शिखरे उभी राहतात. त्याखालच्या रानातले अस्वल सहसा आठवत नाही. स्वित्झर्लंडच्या पूर्वेस एंगाडिन खोऱ्याजवळ श्चार्ल नावाचे चिमुकले गाव आहे. तेथील संग्रहालयात मुलाबाळांसह पाहावे असे अस्वलांचे प्रदर्शन मांडले आहे. ही इमारत पूर्वी शिसे व चांदीच्या खाणीच्या कारभाराची होती. त्यामुळे खाणकामगारांची हकीकतही त्याच छपराखाली पाहावयास मिळते. अस्वलाची कथा आणि कष्टकऱ्याची कथा अशा शेजारी-शेजारी असाव्यात, हे आम्हांस फार योग्य वाटते.

हे तपकिरी अस्वल आपल्याकडील काळ्या अस्वलाहून निराळ्या जातीचे. त्याचे पोट मुख्यतः गवत, मुळे, फळे व किडे यांवर भरते. हिवाळा ते बिळात झोपून काढते. मादी तेथेच विते, आणि जन्मलेले पिलू अर्धा किलोसुद्धा भरत नाही!

मग माणसाशी वैर कशाचे? संधी मिळाली की अस्वल मेंढीही मारते, आणि गरिबाची मेंढी म्हणजे त्याचे भांडवल. म्हणून माणसाने बंदूक उचलली. याच श्चार्लच्या खोऱ्यात १९०४ साली स्वित्झर्लंडमधले अखेरचे मूळचे अस्वल मारले गेले.

पुढे शेजारच्या इटलीतील ट्रेंटिनो प्रांतात, १९९९ ते २००२ या काळात, स्लोव्हेनियातून आणलेली १० अस्वले सोडण्यात आली. त्यांच्या वंशातला एक नर २००५ साली डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडात आला. शंभर वर्षांनी आलेल्या या पाहुण्याचे लोकांना कोण कौतुक! परंतु त्यानंतर आलेली दोन अस्वले माणसांची भीती विसरून वस्तीजवळ येऊ लागली, तेव्हा २००८ व २०१३ साली सरकारनेच ती मारविली. २०२३ साली तर ट्रेंटिनोच्या रानात एका तरुणाचा अस्वलाने बळी घेतला.

तेव्हा अस्वल हवे की नको, एवढाच प्रश्न नाही. त्याचा भार कोणी उचलावा, हा खरा प्रश्न आहे. कौतुक शहरवाल्याने करावयाचे आणि मेंढी मात्र मेंढपाळाची जावयाची, हा न्याय नव्हे. उपाय ठाऊक आहेत: कळपाभोवती विजेचे कुंपण, राखणीचे कुत्रे, अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेट्या आणि नुकसानीची भरपाई. स्वित्झर्लंडात ही भरपाई सार्वजनिक तिजोरीतून मिळते, हे योग्यच. पण कुंपण रोज हलवावे लागते, कुत्र्यांना खाऊ घालावे लागते, रात्री जागाव्या लागतात. हे सारे श्रमच आहेत, आणि श्रमाला मोल हवे.

प्रदर्शन पाहून मूल विचारील, "अस्वल कोठे राहते?" त्याला रान दाखवावे, आणि त्याच रानाच्या कडेला कळप राखीत उभा असलेला माणूसही दाखवावा. त्याची भाकर शाबूत राहिली, तरच अस्वलाला रानात जागा राहील.