‘सवय होईल’ म्हणे! आणि झालीच नाही तर?

डायनं हात फाटतात, ब्लीचच्या पावडरनं खोकला येतो, स्प्रेच्या वासानं डोकं उठतं. सलून-पार्लरमध्ये काम शिकणाऱ्या पोरापोरींना यावर एकच औषध सांगितलं जातं : थोडे दिवस काढ. नेमकं तेच महागात पडू शकतं.

लग्नसराई. भर उन्हाळा. शिरपूरचा करवंद नाका. बाहेर पाय ठेववत नाही, म्हणून सलूनचं काचेचं दार गच्च लावलेलं आणि आत एसी. तीन खुर्च्या, तिन्ही फुल्ल. पहिलीवर नवरदेवाचा मावसभाऊ हायलाइट्स करून घेतोय, दुसरीवर एका काकांच्या केसांना काळा डाय लागतोय, तिसरीवर दाढी उरकून आफ्टरशेव्हचा फवारा. सकाळी देवापुढे लावलेल्या अगरबत्तीचा वास अजून गेलेला नाही, त्यात रूम फ्रेशनरची भर.

आणि बेसिनपाशी उभा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. थाळनेर, होळनांथे, बोराडी अशा कुठल्यातरी गावाहून रोज येणारा. नवखा, म्हणून त्याच्याकडे दोनच कामं : गिऱ्हाइकांची डोकी धुणं आणि डाय-ब्लीच कालवून देणं. तीनेक महिन्यांत त्याच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू होते. मग लाली, मग चिरा. जेवताना ठेच्याचं बोट लागलं तरी डोळ्यांत पाणी. उस्तादला हात दाखवला की उत्तर तयार असतं, ‘हुई जाई सवय, भाऊ!’

हा कुणी एकच पोरगा नाही. जिथे जिथे कात्री आणि डायची वाटी आहे, तिथे तिथे तो आहे. पार्लरमध्ये शिकणाऱ्या मुलींच्या हातांचंही हेच होतं, फक्त तिथे ‘भाऊ’ऐवजी ‘ताई’ म्हणतात.

प्रश्न एवढाच आहे की, सवय खरंच होते का?

शरीर उलटंच शिकतं!

कात्री धरायची सवय होते. दहा तास उभं राहायचीही होते. पण केमिकलच्या बाबतीत आपलं शरीर अनेकदा उलट्या दिशेनं शिकतं.

सुरुवात होते साध्या पाण्यापासून. दिवसभर हात ओले, त्यात शाम्पू. कातडीवरचं नैसर्गिक तेल धुऊन जातं, ती कोरडी पडते, तडकते. याला डॉक्टर ‘इरिटेशन’ म्हणतात. ही अ‍ॅलर्जी नव्हे. या टप्प्यावर हात जपले, तर ते बरे होतात. जर्मनीत कामाच्या ठिकाणच्या नियमांमध्ये रोज दोन तासांहून जास्त हात ओले राहत असतील, तर त्याला चक्क ‘ओलं काम’ म्हणतात आणि तिथे मालकाला काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे लग्नाच्या तिथीला दोन तास तर दुपारच्या आतच होतात.

खरा घोळ पुढे आहे. तडकलेल्या कातडीतून डायमधली रसायनं आत शिरतात. काळ्या डायमधलं सगळ्यात बदनाम रसायन म्हणजे पॅराफिनिलीनडायमाइन, थोडक्यात पीपीडी. अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं २००६ साली त्याला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. पहिल्या वेळी काही होत नाही, दहाव्या वेळीही होत नाही. मग एक दिवस शरीराची संरक्षण यंत्रणा या पाहुण्याला शत्रू म्हणून नोंदवून ठेवते. एकदा ही नोंद झाली की ती सहसा पुसली जात नाही. त्यानंतर डायचा थोडासा अंशही पुरतो. हात, मनगट, पापण्या सुजतात. म्हणजे ‘सवय होईल’ म्हणून काढलेले ते सहा महिने हीच अ‍ॅलर्जी जमण्याची मुदत ठरू शकते.

आणि ‘आपण तर हर्बल वापरतो’ यावरही जाऊ नका. मेंदी काळी नसते. तिचा रंग लालसर-केशरी. जत्रेत काढतात तो काळा टॅटू किंवा झटपट रंगणारी ‘काळी मेंदी’ यात बऱ्याचदा पीपीडीच मिसळलेलं असतं.

वासानं डोकं उठतं, तो नखरा नाही

हात फाटले तर निदान दिसतात तरी. वासाचा त्रास दिसत नाही, म्हणून त्याची टिंगल जास्त. ‘सलूनमध्ये काम करायचं आणि वास सहन होत नाही? नाजूक दिसतोय!’

पीपीडीनंतर पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, त्याच सोसायटीनं ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ म्हणून सुगंधी द्रव्यांची निवड केली होती. बाटलीवर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असा एकच शब्द असतो, पण आत अनेक रसायनांचं मिश्रण असू शकतं. लव्हेंडरमधलं लिनालूल, संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन ही तर निसर्गातलीच. पण हवेशी संयोग होऊन ती बदलतात आणि मग जास्त अ‍ॅलर्जी करतात. त्यामुळे ‘नॅचरल’ म्हणजे ‘सेफ’ हे गणित इथे चुकतं. युरोपात २६ सुगंधी घटकांची नावं लेबलवर स्वतंत्र लिहायची सक्ती झाली आणि २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेण्यात आली. शाम्पू, कंडिशनर, जेल, स्प्रे, पावडर, आफ्टरशेव्ह… गिऱ्हाईक अर्ध्या तासात उठून जातं. काम करणारा मात्र दिवसभर त्या वासातच असतो.

काहींच्या अंगावर काहीच उठत नाही, पण तीव्र वास आला की डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, घसा धरतो. अर्धशिशी असणाऱ्यांचं डोकं वासानं चढतं, हे तर डॉक्टरांना नेहमीचं. वेगवेगळ्या रसायनांच्या अगदी कमी वासानंही त्रास होणारे लोक असतात. त्यामागचं कारण काय, यावर वैद्यकशास्त्रात अजून एकमत नाही आणि त्यासाठी एकच अशी ठाम तपासणीही नाही. पण तपासणी नाही म्हणजे त्रास खोटा, असं होत नाही.

छातीपर्यंत जातं ते

ब्लीचची पावडर वाटीत ओतताना पांढरा धुरळा उडतो ना, त्यात पर्सल्फेट नावाचे क्षार असतात. केशकर्तनाच्या व्यवसायातल्या दम्याचं ते एक ठरलेलं कारण आहे. यात फसायला होतं, कारण खोकला कधीकधी काही तासांनी, रात्री घरी गेल्यावर येतो. मग आपण म्हणतो, ‘गाडीवर येताना गार हवा लागली.’

दुसरं म्हणजे केराटिन आणि स्मूथनिंग. प्रेसिंग मशीन फिरलं की धूर निघतो आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. अशा काही उत्पादनांमधून फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. माणसात कॅन्सर करणारा पदार्थ म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याची नोंद केली आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागानं सलूनसाठी खास इशारा काढला होता : बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ लिहिलेलं असलं तरी हवेत तो सापडतोय. ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असलेली क्रीम्सही तापवल्यावर हा वायू सोडू शकतात.

आणि इथे आपल्या खान्देशी उन्हाची गोची आहे. एसी हवा गार करतो, पण साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तीच हवा फिरवत राहतो. म्हणजे मे महिन्यात दार बंद करून पाच स्मूथनिंग केल्या, तर पाचव्या वेळी पहिल्या चारांचाही धूर आपल्या वाट्याला येतो.

आपणच हेर व्हायचं

त्रास कामाचाच आहे का, हे ओळखायची पहिली खूण सोपी आहे : दुकानाच्या सुट्टीत बरं वाटतं का? आठवडाभर गावाला गेलं की हात भरून येतात आणि परत कामावर आलं की फुटतात का? तसं असेल तर एक वही करा. तारीख, काय काम केलं, कोणती बाटली, त्रास कधी झाला. एक लक्षात ठेवा, कातडीची अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही. ती एक ते तीन दिवसांनी उमटू शकते. शनिवारच्या डायची खाज सोमवारी आली, तर डायवर संशयच जात नाही. मोबाइलमध्ये हातांचे फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना दाखवायला ते फार उपयोगी पडतात.

आणि मेडिकलवरून ‘खाजेची ट्यूब’ आणून चोळणं बंद करा. अशा मिश्र ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस आराम पडतो, पण मूळ कारण तसंच राहतं आणि कातडी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा. शिरपूरहून धुळं पन्नासेक किलोमीटर, तिथे हिरे शासकीय मेडिकल कॉलेज आहे. ‘पॅच टेस्ट’बद्दल विचारा. पाठीवर संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा बघतात. सुई नाही, रक्त नाही. भारतासाठी ठरवलेल्या पदार्थांच्या संचात पीपीडीही असतं आणि सुगंधी मिश्रणही. नेमकं काय चालत नाही हे कळलं, की सगळा धंदा सोडायची गरज उरत नाही. तेवढी वस्तू सोडायची. कुणी कटिंग आणि दाढीवर भर देतो, कुणी मेकअपकडे वळतं.

हे उद्यापासून करता येईल

* आधी कटिंग, मग कलर. उलट केलं की ताज्या रंगवलेल्या केसांत आपली बोटं विनाकारण फिरतात. याला एक रुपया लागत नाही.

* ग्लोव्हज नायट्राइलचे. डायच्या खोक्यातली ढगळ प्लॅस्टिक पिशवी पुरत नाही आणि लॅटेक्सची काहींना स्वतंत्र अ‍ॅलर्जी असते. कालवताना, लावताना आणि *धुतानाही* घाला. एकदा वापरले की टाका. शंभराचं खोकं एका स्मूथनिंगच्या बिलापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

* अंगठी काढा. तिच्याखाली शाम्पू आणि डाय साचतो.

* ब्लीच उंचावरून ओतू नका. खिडकीजवळ, हळू कालवा. धुरळा न उडणारी पावडर मिळते, ती मागवा.

* एक्झॉस्ट फॅन लावा. स्मूथनिंग चालू असताना तर हवाच. साधा कापडी मास्क वायू अडवत नाही.

* रूम फ्रेशनर बंद. वास घालवायला वास मारू नका, दार उघडा.

* रात्री हातांना बिनवासाचं पेट्रोलियम जेली. क्रीम घेताना ‘फ्रॅग्रन्स फ्री’ बघा. ‘अनसेंटेड’मध्ये वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो.

* डायनंतर चेहरा, डोळे सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

आणि खुर्चीत बसणाऱ्यांनो…

हे फक्त कारागिरांसाठी नाही. पीपीडी असलेल्या डायच्या पाकिटावर सावधगिरीची सूचना छापणं आपल्या कायद्यानं बंधनकारक आहे : आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून चोवीस तास बघा, आणि प्रत्येक वेळी बघा. भुवया-पापण्यांना लावू नका. हळदीच्या आदल्या संध्याकाळी ‘पटकन कलर मार’ म्हणत घुसलो, की ही चाचणी करायला वेळच उरत नाही. दोन दिवस आधी जा. समोरच्यानं ग्लोव्हज घातले, तर ‘आमच्या डोक्याची घाण वाटते का रे?’ असं विचारू नका. खिडकी उघडली, तर पाच मिनिटं घाम सहन करा.

आठवतंय? लॉकडाऊननंतर २८ जून २०२० पासून राज्यातली सलून पुन्हा उघडली, तेव्हा कारागिरांना ग्लोव्हज, एप्रन, मास्क सक्तीचे होते. गिऱ्हाइकांना कोरोना होऊ नये म्हणून ते घातले गेले, आणि कुणाचंही काम अडलं नाही. मग साथ ओसरली आणि ग्लोव्हजही गेले.

तेव्हा दुसऱ्यांसाठी घालता आले, तर आता स्वतःच्या हातांसाठी का नाही? बेसिनपाशी उभ्या त्या पोरानं उद्या उस्तादला एवढंच विचारायचं आहे, ‘काका, ग्लोव्हजचं खोकं मागवू का?’ आणि उस्तादनं, ज्याच्या स्वतःच्या बोटांवर जुन्या चिरांच्या खुणा आहेत, त्यानं ‘हुई जाई सवय’ म्हणायच्या आधी एकदा आपल्या हातांकडे बघायचं आहे.