दिव्यांग मुलांची शाळेत ने-आण : पालकांनी काय मागावे?

● कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. कलम १६नुसार सरकारी, अनुदानित, मान्यताप्राप्त शाळांतील दिव्यांग मुलांसाठी वाहतुकीची सोय अपेक्षित. जास्त आधार लागणाऱ्या मुलांच्या मदतनीसासाठीही.

● शाळेची निवड : दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण (कलम ३१).

● भत्ता : समग्र शिक्षा योजनेत वाहतूक व मदतनीस भत्त्याची तरतूद. बोईसर-तारापूर पालघर तालुक्यात येते. म्हणून तिथल्या पालकांनी मुख्याध्यापकांमार्फत पालघर पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे विचारावे.

● स्कूल बस : राज्याच्या २०११च्या नियमांनुसार शाळेत परिवहन समिती हवी. चढ-उतारासाठी मदत, व्हीलचेअरला जागा, दाराजवळचा थांबा या मागण्या तिथे लेखी द्याव्यात.

● एसटी : दिव्यांग प्रवाशांना भाड्यात ७५ टक्के सवलत.