मोडावी की राखावी?

खरगपूरच्या आयआयटीत शिकत असताना हिजलीच्या जुन्या इमारतीवरून मी रोज सायकलने जायचो. ती इंग्रजांच्या काळात राजबंद्यांची छावणी होती. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तिथे झालेल्या गोळीबारात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन बंदी मारले गेले, एवढे आम्हांला ठाऊक होते. त्याच इमारतीत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचे मुख्यालय होते, हे मात्र कळले पुष्कळ वर्षांनी, आणि तेही सिंगापूरला.

जहाजदुरुस्तीच्या कामासाठी मी सेंबावांगला गेलो होतो. हजार फूट लांबीच्या सुक्या गोदीच्या काठावर आम्ही उभे होतो. मी खरगपूरला शिकलो हे ऐकताच बरोबरचा वयस्कर मल्याळी फोरमन म्हणाला, ‘‘या गोदीवर बॉम्ब टाकणारी विमाने तुमच्याच गावाहून आली होती, साहेब!’’

सुकी गोदी म्हणजे जहाजांचा दवाखाना. जहाज आत घ्यायचे, दरवाजा लावायचा, पाणी उपसून टाकायचे की जहाजाचा तळ उघडा पडतो. मोठ्या युद्धनौका घेणारी अशी गोदी पूर्वेकडे फारशी नव्हती, म्हणून ब्रिटिशांनी ही बांधली आणि तिला सहाव्या जॉर्जचे नाव दिले. उद्घाटन झाले १४ फेब्रुवारी १९३८ला आणि सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले १५ फेब्रुवारी १९४२ला. मालकी चार वर्षे आणि एक दिवस! जाताना ब्रिटिशांनी शेजारची भलीमोठी तरंगती गोदी बुडवली होती. जपान्यांनी ती वर काढली आणि वापरायला घेतली.

ऑक्टोबर १९४४मध्ये लेतेच्या आखातातील लढाईत जपानी आरमाराची दाणादाण उडाली. जायबंदी नौका दुरुस्तीला सिंगापूरलाच येणार, हे उघड होते. तेव्हा जनरल कर्टिस लमे यांच्या हुकमतीखालची ७६ बी-२९ विमाने ५ नोव्हेंबरला बंगालमधून निघाली. जाऊन-येऊन सहा हजार किलोमीटरांहून अधिक पल्ला. इंधनाचेच ओझे इतके, की प्रत्येक विमानात हजार पौंडी बॉम्ब अवघे दोन. ५३ विमाने सिंगापूरवर पोहोचली. नेम गोदीच्या दरवाजावर होता. पहिल्याच विमानाचा बॉम्ब दरवाजाच्या अगदी जवळ पडला. गोदी तीन महिने निकामी झाली. आत उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाचेही नुकसान झाले. दोन विमाने गमावली, पण मोहीम फत्ते झाली.

गोदीत काम करणारे पुष्कळ नागरिक त्या सकाळी मेले. त्यांतल्या कुणी जपानी गणवेश चढवला नव्हता. मालक बदलला तरी पोट बदलत नाही, म्हणून ते कामावर आले होते. या आरमारी तळावर हिंदी मजूर पूर्वीपासून होते. आणि इकडे बंगालमधल्या धावपट्ट्या मजबूत करायला राबलेले हजारो हातही हिंदीच होते. १९४३च्या दुष्काळाने होरपळलेल्या मुलखातले. विमान जिथून उडाले आणि जिथे पोहोचले, तिथे खाली घाम गाळणारा आपलाच माणूस. त्याला कुणी विचारले नव्हते.

पुढची गोष्ट मला अधिक बोचते. १ फेब्रुवारी १९४५ला अमेरिकन विमानांनी ती तरंगती गोदीही बुडवली. एकदा ब्रिटिशांनी, एकदा अमेरिकनांनी! आणि दोनच दिवसांनी लॉर्ड माउंटबॅटन यांनी हुकूम काढला, की सिंगापूरच्या आरमारी तळावर यापुढे बॉम्ब टाकू नयेत. का? तर सिंगापूर परत घेतल्यावर गोदी आपल्यालाच लागणार! मग बॉम्ब वळले व्यापारी बंदराकडे. २४ फेब्रुवारीला शंभराहून अधिक विमानांनी एम्पायर डॉकजवळच्या गोदामांवर आगलावे बॉम्ब टाकले.

युद्धशास्त्राच्या हिशेबात हे सारे बिनचूक बसते. शत्रूची गोदी मोडली पाहिजे, आपली होणार असेल तर राखली पाहिजे. मी स्वतः यंत्रात आणि पोलादात आयुष्य काढलेला माणूस. दगडी बांधकामाची किंमत मला कळते. पण गोदी राखण्याचा जसा हुकूम निघाला, तसा गोदीतली माणसे राखण्याचा कधी निघाला नाही. गोदी पुन्हा बांधायला वर्षे लागतात. मजूर काय, उद्या दुसरे मिळतात!

१२ सप्टेंबर १९४५ला जपान्यांनी सिंगापूरला शरणागती लिहून दिली. गोदी ब्रिटिशांकडे आली आणि १९६८ साली त्यांनी ती सिंगापूर सरकारला एका डॉलरच्या नाममात्र किमतीला देऊन टाकली. ज्या गोदीसाठी एवढी माणसे मेली, तिची किंमत एक डॉलर.

परतताना फोरमनला विचारले, ‘‘मेले त्यांची नावे कुठे लिहिली आहेत का?’’

त्याने मान हलवली आणि पंप चालू करायला निघून गेला. पुढचे जहाज दाराशी उभे होते.