‘टु’ लावावें कीं ‘इंग’?

गेल्या जून महिन्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें फीमाफीसाठीं लिहिलेला इंग्रजी अर्ज तपासण्यासाठीं आमच्याकडे आणिला. अक्षर मोत्यासारखें, स्पेलिंगची चूक एकही नाहीं. परंतु अर्जाच्या मुख्य वाक्यांत त्यानें लिहिलें होतें, ‘माय फादर हॅज स्टॉप्ड टु वर्क.’ आजारामुळें वडिलांनीं काम करणें सोडलें आहे, असें बिचाऱ्यास सांगावयाचें होतें. वाक्याचा अर्थ मात्र असा झाला कीं, वडील काम करण्यासाठीं थांबले आहेत! अर्ज ज्या गृहस्थांकडे जावयाचा होता त्यांस मराठी येत नव्हती. ज्याचा बाप कामावर आहे तो मुलगा माफी कां मागतो, असा प्रश्न त्यांस पडला असता तर तो त्यांचा दोष नव्हता. ‘टु वर्क’च्या जागीं ‘वर्किंग’, एवढाच काय तो फरक. पण एका मुलाची वर्षाची फी त्यावर अवलंबून होती.

ही चूक त्या एकट्याची नव्हे. तिचें मूळ, आमच्या मतें, अगदीं आरंभींच्या इंग्रजी धड्यांत आहे. ‘जाणें म्हणजे टु गो, खाणें म्हणजे टु ईट’ अशी घोकंपट्टी आपण सर्वांनींच केलेली असते. कोशही तेंच सांगतात. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं झाली. त्यांतही ‘णें’ प्रत्ययान्त क्रियापदांचा अर्थ ‘टु’ घालूनच दिलेला आहे. कोशकारास तसें करणें भागच होतें. पण मुलाच्या मनांत ‘णें’ दिसलें कीं ‘टु’, असें समीकरण कायमचें बसतें, आणि मग ‘काम करणें थांबविलें’ ह्याचें ‘स्टॉप्ड टु वर्क’ होतें. वस्तुतः ‘णें’ लागून होणारें धातुसाधित नाम इंग्रजींतील ‘टु’च्या रूपाच्या जागीं येतें, तसेंच ‘इंग’च्या नामाच्या जागींही येतें. तेव्हां ‘णें’कडे पाहून निवड करूं जाणें व्यर्थ होय.

तथापि आपली मराठी येथें अगदींच मुकी नाहीं. ‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’ ही दोन वाक्यें पाहा. पहिल्यांत चालणें थांबलें व बोलणें सुरू झालें. दुसऱ्यांत बोलणेंच संपलें. हा भेद पांच वर्षांच्या पोरासही कोणी शिकवावा लागत नाहीं. पहिलें वाक्य म्हणजे ‘ही स्टॉप्ड टु टॉक’, दुसरें म्हणजे ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’. ‘ला’ आणि ‘चा’ एवढ्यावर सारें आलें. ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं त्यांनींही येथें मुलास साहाय्य करावें: ‘काम करायला थांबले कीं करायचे थांबले?’ एवढें विचारलें तरी पुरे.

ह्याचें कारण ‘टु’ ह्या शब्दाच्या इतिहासांत सांपडतें. हा मुळांत दिशा दाखविणारा शब्द. प्राचीन इंग्रजींत तो धातुसाधित नामाच्या चतुर्थी विभक्तीच्या रूपामागें येत असे, म्हणून त्यांत ‘करण्याकडे’, ‘करण्यासाठीं’ हा भाव होता. ‘इंग’चें नाम मात्र क्रियेस एखाद्या वस्तूसारखें पुढें ठेवितें. म्हणूनच ज्यांची दृष्टि पुढील गोष्टीकडे असते अशीं होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज हीं क्रियापदें ‘टु’ घेतात. जी क्रिया चालू आहे किंवा होऊन गेली तिच्याविषयीं बोलणारीं एन्जॉय, फिनिश, डिनाय हीं ‘इंग’ घेतात. रिमेंबर दोन्ही घेतें, पण अर्थ पालटून. ‘रिमेंबर टु पोस्ट द लेटर’ म्हणजे पत्र टाकावयाचें लक्षांत ठेव. ‘आय रिमेंबर पोस्टिंग द लेटर’ म्हणजे पत्र टाकल्याचें मला स्मरतें. ‘टाकावयाचें’ असेल तेथें ‘टु’, ‘टाकल्याचें’ असेल तेथें ‘इंग’.

हा न्याय सर्वत्र चालतो असें मात्र कोणीं समजूं नये. सजेस्ट व पोस्टपोन ह्यांतील गोष्ट व्हावयाचीच असते, तरी तीं ‘इंग’ घेतात. मॅनेज हें साधलेल्या गोष्टीविषयीं बोलतें, तरी ‘टु’ घेतें. अशा क्रियापदांची यादी पाठ करावी. आमच्यापाशीं ह्याहून बरें औषध नाहीं. बिगिन, स्टार्ट ह्यांस बहुधा दोन्ही चालतात.

इन, ऑन, ऑफ, फ्रॉम इत्यादि शब्दयोगी अव्ययांनंतर मात्र ‘इंग’च येतें. ‘फाँड टु रीड’, ‘इन्सिस्टेड टु गो’, ‘प्रिव्हेंटेड मी टु गो’ हे प्रयोग आम्हीं दर वर्षीं शेंकड्यांनीं खोडतों. ‘फाँड ऑफ रीडिंग’, ‘इन्सिस्टेड ऑन गोइंग’, ‘प्रिव्हेंटेड मी फ्रॉम गोइंग’ असें पाहिजे.

येथें हुषार मुलेंही फसतात, कारण ‘टु’ स्वतः कधीं कधीं असें अव्यय असतो. ‘आय यूस्ड टु राइझ अर्ली’ म्हणजे मी पूर्वीं पहाटे उठत असें, आतां उठत नाहीं. ‘आय ॲम यूस्ड टु राइझिंग अर्ली’ म्हणजे पहाटे उठण्याची मला संवय आहे. हा ‘टु’ ओळखण्याची खूण सोपी आहे: त्यापुढें साधें नाम घालून पाहावें. ‘यूस्ड टु कोल्ड वॉटर’, थंड पाण्याची संवय, असें म्हणतां येतें. तेव्हां तेथें क्रिया घालावयाची झाल्यास तीही ‘इंग’ लावून नामच केली पाहिजे.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या अर्जाचा शेवट ‘आय लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ असा होता. ‘युअर रिप्लाय’ हे शब्द ‘टु’पुढें घालून पाहा, असें आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें घालून पाहिले, क्षणभर थांबला, आणि आम्हीं कांहीं बोलण्यापूर्वींच ‘हिअर’ खोडून ‘हिअरिंग’ लिहिलें. अर्ज दुसऱ्या दिवशीं टपालांत पडला.